१.३३ चे काय करायचे? ज्वलन विश्लेषणातून पदार्थाचे सूत्र काढताना

शाईची दौत (धागाकर्ती)

माझी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तिच्या एका गणितावरून घरात दोन दिवस वाद चालू आहे आणि माझे स्वतःचे रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलेले असल्यामुळे हा धागा काढते आहे. गणित असे आहे: केवळ कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या एका पदार्थाचे ०.५०० ग्रॅम नमुन्यापुरते पूर्ण ज्वलन केले, तेव्हा ०.७५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.२०४५ ग्रॅम पाणी मिळाले. पदार्थाचे रेणुवस्तुमान १७६ आहे. एम्पिरिकल सूत्र, म्हणजे अणूंचे सर्वांत साधे गुणोत्तर दाखवणारे सूत्र, आणि रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूतील अणूंची प्रत्यक्ष संख्या दाखवणारे सूत्र, काढायचे आहे.

पहिल्या प्रयत्नात तिने दोन्ही उत्पादितांमधला ऑक्सिजन एकत्र केला आणि ०.५०० ग्रॅम पदार्थात ०.७२७ ग्रॅम ऑक्सिजन असल्याचे दाखवले, तेव्हा मीही हसले. दुसऱ्या प्रयत्नात तिने तो वजाबाकीने काढला. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण १ : १.३३ : १ आले. १.३३ म्हणजे जवळजवळ १, असे धरून तिने सीएचओ हे सूत्र लिहिले, त्याच्या २९ या वस्तुमानाने १७६ ला भागले, ६.०७ आले, तेही ६ धरले आणि सी६एच६ओ६ असे उत्तर दिले. पुस्तकात सी६एच८ओ६ आहे. तिचा प्रश्न असा, की ६.०७ चे ६ केलेले चालते, तर १.३३ चे १ का चालत नाही? मला पटेल असे उत्तर देता आले नाही. (कळफलकाच्या सोयीसाठी सूत्रे देवनागरीतच लिहिली आहेत.)

काचनळी

आपल्या मुलीचा प्रश्न उत्तराइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून आधी आकडेमोड करून मग त्याकडे वळतो. मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे आणि ही चूक दर वर्षी पाहिली आहे.

मोल हे अणू-रेणूंची संख्या मोजण्याचे एकक; ग्रॅममधल्या वस्तुमानाला अणु- किंवा रेणुवस्तुमानाने भागले की मोल मिळतात. कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूत कार्बनचा एक अणू असतो, म्हणून ०.७५० भागिले ४४.०१, म्हणजे ०.०१७०४ मोल कार्बन. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, त्यामुळे ०.२०४५ भागिले १८.०१५ ची दुप्पट, म्हणजे ०.०२२७० मोल हायड्रोजन. त्यांची वस्तुमाने अनुक्रमे ०.२०४७ आणि ०.०२२९ ग्रॅम होतात. नमुना ०.५०० ग्रॅमचा होता, म्हणून उरलेले ०.२७२४ ग्रॅम ऑक्सिजनचे, म्हणजे ०.०१७०३ मोल. पहिल्या प्रयत्नातली चूक समजून घेण्यासारखी आहे. जाळताना आपण बाहेरून भरपूर ऑक्सिजन पुरवतो आणि उत्पादितांमधला बराचसा ऑक्सिजन तिथूनच आलेला असतो. या गणितात ०.७२७ पैकी ०.४५ ग्रॅमहून अधिक ऑक्सिजन बाहेरचा आहे. कार्बन आणि हायड्रोजन मात्र नमुन्याखेरीज दुसरीकडून येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबता येते.

आता १.३३ कडे. मोजमापात चूक किती असू शकते, हे ठरवल्याशिवाय पूर्णांक करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. ६.०७ आणि ६ यांत साधारण एक टक्क्याचा फरक आहे, आणि तेवढा वजनातल्या चुकीमुळे पडू शकतो. १.३३ चे १ करणे म्हणजे चतुर्थांश हायड्रोजन फेकून देणे होय. पाण्याचे वजन ०.२०४५ ऐवजी ०.१५५ ग्रॅम आले असते, तर ते सूत्र खरे ठरले असते, पण पन्नास मिलिग्रॅमची चूक कोणताही काटा करत नाही. १.३३ हे ४/३ आहे. सर्व संख्यांना ३ ने गुणले की सी३एच४ओ३ मिळते, त्याचे वस्तुमान ८८ आणि १७६ हे त्याच्या बरोबर दुप्पट. पदार्थ जीवनसत्त्व क, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल.

पानसुपारी

सी६एच६ओ६ या सूत्राचाही एक खरा पदार्थ आहे. ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन दोन हायड्रोजन निघून गेले की डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल मिळते, त्याचे सूत्र अगदी हेच आणि रेणुवस्तुमान १७४. मुलीने अपूर्णांक कापताना नकळत ऑक्सिडीकरण केले, असे म्हणायला हरकत नाही. हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ मध्ये हे आम्ल वेगळे केले, तेव्हा त्यांच्याकडे सी६एच८ओ६ हे सूत्र होते पण रचना माहीत नव्हती, म्हणून त्यांनी त्याला हेक्झुरॉनिक आम्ल असे नाव दिले. रचना पुढे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हॉवर्थ यांनी निश्चित केली आणि १९३७ साली दोघांनाही, वेगवेगळ्या विषयांत, नोबेल मिळाले.

शाईची दौत

काचनळी सर, मनापासून आभार. एक शंका राहते. १.३३, १.५, १.२५ हे ओळखीचे अपूर्णांक आहेत. प्रत्यक्षात १.६१ किंवा १.१४ आले तर कुठपर्यंत गुणत जायचे? शंभराने गुणले तर कोणतीही संख्या पूर्णांक होईल.

तोळा-मासा

मी एका औषधनिर्मिती कंपनीच्या विश्लेषण प्रयोगशाळेत काम करतो. पुस्तकातली गणिते उलट दिशेने, म्हणजे आधी सूत्र ठरवून मग आकडे काढून, तयार केलेली असतात, त्यामुळे त्यांत हा प्रश्न उद्भवतच नाही. प्रत्यक्षात तो रोजचा आहे. ओळखीच्या पदार्थाचे उदाहरण घेऊ: कापूर.

कापराचे सूत्र सी१०एच१६ओ, रेणुवस्तुमान १५२.२. शंभर मिलिग्रॅम शुद्ध कापूर पूर्ण जाळला, तर २८९.१ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ९४.७ मिलिग्रॅम पाणी मिळायला हवे. वरच्याच पद्धतीने ६.५६९ मिलिमोल कार्बन, १०.५१ मिलिमोल हायड्रोजन आणि वजाबाकीने १०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६५६ मिलिमोल ऑक्सिजन येतो. सर्वांत लहान संख्येने, म्हणजे ऑक्सिजनच्या मोलसंख्येने, भागले की १०.०१ : १६.०३ : १ मिळते आणि सगळे छान वाटते.

आता समजा, कार्बन डायऑक्साइडचे वजन एका मिलिग्रॅमने कमी भरले, २८८.१. चूक अवघी ०.३५ टक्के. कार्बन ७८.६ मिलिग्रॅमवर येतो, आणि ऑक्सिजन उरलेल्यातून काढत असल्यामुळे तो फुगून सुमारे १०.८ होतो. मग गुणोत्तर ९.७२ : १५.६ : १ असे येते. तिसरा हिस्सा टक्क्याची चूक जवळजवळ तीन टक्क्यांची झाली. कारण उघड आहे: ऑक्सिजन मोजलेलाच नाही, तो इतर सर्वांच्या चुका गोळा करणारा कोपरा आहे, आणि त्याच लहानशा, डळमळीत संख्येने आपण बाकी सर्वांना भागतो. पाठ्यपुस्तकातला ‘सर्वांत लहान संख्येने भागा’ हा नियम इथे माझ्या मते वाईट आहे.

म्हणून मी आधी फक्त हायड्रोजन आणि कार्बन यांचे गुणोत्तर पाहतो, कारण दोन्ही प्रत्यक्ष मोजलेले असतात. चुकीच्या आकड्यांतूनही ते १.६०६ येते, शुद्ध आकड्यांतून १.६००. म्हणजे ८/५. तेव्हा सांगाडा सी५एच८ च्या पटीत आहे, आणि ऑक्सिजनचा एक अणू साधारण दहा कार्बनांमागे बसतो, एवढे कळले की सी१०एच१६ओ कडे जायला दुसरी वाट राहत नाही. आपल्या १.६१ ला हेच उत्तर: तो १.६ आहे की १.६२५ आहे हे मोजमापाच्या अचूकतेवर ठरते, आणि अचूकता दोघांत निवड करण्याएवढी नसेल तर दोन्ही सूत्रे लिहून ठेवावीत.

गुणत जाण्याला मर्यादा अशी घालतो: प्रत्येक संभाव्य सूत्रावरून टक्केवारी परत काढायची आणि मोजलेल्या टक्केवारीशी ताडून पाहायची. संशोधनपत्रिकांमध्ये प्रत्येक मूलद्रव्याला ०.४ टक्क्यांच्या आतील फरक मान्य करण्याची प्रथा आहे. सी९एच१४ओ मध्ये कार्बन ७८.२ आणि कापरात ७८.९ टक्के, सी११एच१८ओ मध्ये ७९.५. म्हणजे कार्बनच्या आधारे शेजारची दोन्ही सूत्रे बाद होतात, पण फार मोकळी जागा उरत नाही. रेणू मोठा होत जाईल तशी ही जागा आणखी आक्रसते, कारण तीस कार्बनांच्या रेणूत एक-दोन हायड्रोजन कमी-जास्त झाले तरी टक्केवारी मुश्किलीने हलते.

हळदीकुंकू

कापराचा विषय निघाला म्हणून विचारते. बाजारात भीमसेनी कापूर म्हणून मिळतो तो आणि आरतीच्या वड्या यांतला फरक या पद्धतीने कळेल का?

तोळा-मासा

मुळातला भीमसेनी कापूर बोर्नियो-सुमात्रा भागातल्या एका वेगळ्याच वृक्षापासून येतो आणि त्यातला मुख्य घटक बोर्निऑल असतो, सी१०एच१८ओ. दोन हायड्रोजन जास्त. आज त्या नावाने दुकानात जे मिळते त्याची शाश्वती मी देणार नाही, पण शुद्ध बोर्निऑल हाती असेल तर त्याच्या शंभर मिलिग्रॅममधून १०५.१ मिलिग्रॅम पाणी निघेल, कापरातून ९४.७. दहा मिलिग्रॅमचा फरक कोणत्याही बऱ्या काट्यावर सहज कळेल. कार्बन डायऑक्साइडमधला फरक मात्र जेमतेम चार मिलिग्रॅमचा आहे. हायड्रोजनचा अणू हलका, पण त्याच्या जोडीला ऑक्सिजन येऊन पाण्याचे वजन नऊपट होते, त्यामुळे हायड्रोजनचा हिशेब या पद्धतीत नेमका लागतो.

अडचण वेगळीच आहे. कापूर वजन करता करता उडून जातो. उघड्या डबीत ठेवला तर एका दिवसात कमी होतो, हे घरोघरी माहीत आहे. प्रयोगशाळेत असे पदार्थ कथिलाच्या लहानशा डबीत घालून ती दाबून बंद करावी लागते, नाहीतर काट्यावरचा आकडा आणि भट्टीत गेलेले वजन यांचा मेळ बसत नाही. आजच्या यंत्रात दोन-तीन मिलिग्रॅमचा नमुना अशा डबीतूनच सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या नळीत टाकतात. कथिल स्वतः पेट घेते आणि क्षणभर तापमान आणखी चढते. तयार झालेले वायू हेलियमच्या प्रवाहात वेगवेगळे करून मोजले जातात, त्यांचे वजन करावे लागत नाही.

काचनळी

वजन करण्याची जुनी पद्धतही समजून घ्यावी, कारण गणिताची भाषा तिथूनच आलेली आहे. लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्यार्क आणि तेले जाळून घटक मोजण्याचा प्रयत्न केला. गे-लुसॅक आणि थेनार यांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन पुरवण्यासाठी पोटॅशिअम क्लोरेट वापरले, पुढे गे-लुसॅक यांनीच ते बदलून तांब्याचे काळे ऑक्साइड आणले, आणि बर्झेलियस यांनी पाणी कॅल्शिअम क्लोराइडमध्ये शोषून तोलण्याची रीत बसवली. कार्बन डायऑक्साइड सोयीने तोलता येईना. ते १८३१ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस लीबिग यांनी साधले. पाच फुगे असलेले, त्रिकोणात वाकवलेले काचेचे ते उपकरण दाहक पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशिअम हायड्रॉक्साइडच्या, द्रावणाने भरलेले असे. वायूचे बुडबुडे एका फुग्यातून दुसऱ्यात जाताना कार्बन डायऑक्साइड पूर्ण शोषला जाई आणि उपकरणाचे वाढलेले वजन थेट त्याचे वजन सांगे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ते आजही आहे.

विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारत असे: कॅल्शिअम क्लोराइडची नळी आधी आणि पोटॅशचे फुगे नंतर का? क्रम उलटला तर काय होईल? पोटॅशच्या द्रावणात पाण्याची वाफही अडकेल, दोन्ही वजने एकाच ठिकाणी मिसळतील आणि हायड्रोजन शून्य निघेल. दुसरी बारीक गोष्ट अशी, की कोरडा झालेला वायू पोटॅशच्या द्रावणातून बाहेर पडताना त्यातले थोडे पाणी घेऊन जातो. म्हणून फुग्यांना शोषकाची आणखी एक लहान नळी जोडून दोन्ही एकत्र तोलत असत. ही नळी विसरली की कार्बन कमी भरतो, आणि वर तोळा-मासा यांनी दाखवल्याप्रमाणे तो सगळा तोटा ऑक्सिजनच्या खात्यावर जमा होतो.

लीबिग यांना काही दशांश ग्रॅम पदार्थ लागे. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ प्रेगल यांच्याकडे पित्ताम्लांपासून निघालेला पदार्थ इतका थोडा होता, की त्यांना संपूर्ण पद्धतच काही मिलिग्रॅमवर आणावी लागली. त्यासाठी त्यांना १९२३ चे नोबेल मिळाले.

पाटीपेन्सिल

आकडे अचूक असूनही सूत्र चुकू शकते, याची नोंद इथे असावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी कार्बनचे अणुवस्तुमान ६ धरे, कोणी १२; ऑक्सिजनचे कोणी ८, कोणी १६. टक्केवारी सर्वांची सारखी, पण अणुवस्तुमानाने भागायचे असल्यामुळे प्रत्येकाचे सूत्र निराळे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८६१ मध्ये ॲसेटिक आम्लासाठी प्रचारात असलेली १९ सूत्रे एका ठिकाणी मांडून दाखवली. कार्ल्सरूह येथे १८६० मध्ये भरलेल्या परिषदेत कॅनिझारो यांनी ॲव्होगाड्रो यांच्या गृहीतकाकडे (समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते) पुन्हा लक्ष वेधले, तेव्हापासून हा गोंधळ निवळत गेला.

शाईची दौत

मग पुढचा प्रश्न. गणितात रेणुवस्तुमान १७६ असे आयते दिलेले असते. ते कोणी आणि कसे काढले?

काचनळी

बाष्परूप होणाऱ्या पदार्थांसाठी बाष्पाची घनता मोजत. व्हिक्टर मायर यांची १८७८ ची पद्धत महाविद्यालयांत पुष्कळ वर्षे शिकवली जात होती. न उकळता जळून जाणाऱ्या पदार्थांसाठी द्रावणाच्या गोठणबिंदूतील घट वापरत. इथे पुन्हा कापूर येतो. एका किलोग्रॅम पाण्यात एक मोल साखर विरघळवली, तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. तेवढ्याच कापरात एक मोल पदार्थ विरघळवला, तर उतार सुमारे ४० अंशांचा असतो. त्यामुळे कापरातली घट साध्या तापमापकावरही मोजता येते, आणि १९२२ मध्ये रास्ट यांनी याच गुणधर्मावर सूक्ष्म प्रमाणातली पद्धत बसवली.

रेणुवस्तुमान फार अचूक असण्याची गरज नसते, ही गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. एम्पिरिकल सूत्र ठरले की त्याची एकपट, दुप्पट, तिप्पट एवढेच निवडायचे असते. सीएच२ओ हे सूत्र ३० चे; ६० ला ॲसेटिक आम्ल, ९० ला दह्यातले लॅक्टिक आम्ल, १८० ला ग्लुकोज. मोजमाप ९५ आले तरी उत्तर ९०च. मात्र पट मोठी झाली, की ही सवलत संपते.

एक सापळा सांगतो. ॲसेटिक आम्लाच्या वाफेची घनता उत्कलनबिंदूच्या जवळपास मोजली, तर रेणुवस्तुमान ६० पेक्षा बरेच जास्त येते, कारण वाफेतसुद्धा त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जोडीजोडीने राहतात. बेंझीनमधल्या द्रावणातही १२० च्या जवळपासचा आकडा मिळतो. मोजमाप बरोबर, तरी सूत्र चुकीचे.

तोळा-मासा

आज रेणुवस्तुमान वस्तुमान वर्णपटमापकावर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) मिळते. उच्च विभेदनाचे यंत्र असेल, तर चार दशांश स्थळांपर्यंतच्या वस्तुमानावरून रेणुसूत्र थेट ठरवता येते, ज्वलनाची गरजही राहत नाही.

पानसुपारी

मग अकरावीच्या मुलांना शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीची गणिते का करायला लावायची?

तोळा-मासा

कारण दोन यंत्रे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. वर्णपटमापक सांगतो, की नमुन्यात या सूत्राचा रेणू आहे. बाटलीतला दहा टक्के भाग सिलिकाची पूड किंवा राहून गेलेले मीठ असेल, तर त्याला ते दिसणारही नाही. ज्वलनात बाटलीतला प्रत्येक मिलिग्रॅम हिशेबात येतो. आमच्याकडे एकदा एका पदार्थाचा कार्बन सतत तीन टक्क्यांनी कमी भरत होता. बाकी सर्व चाचण्या उत्तम होत्या. आकडे जुळवून पाहिल्यावर प्रत्येक रेणूमागे पाण्याचा साधारण अर्धा रेणू धरला, तर कार्बन आणि हायड्रोजन दोन्ही बसत होते. पदार्थ हवेतला ओलावा धरून बसला होता.

पाटीपेन्सिल

नायट्रोजन असलेल्या पदार्थांबद्दल एक ओळ. ज्वलनात त्याची ऑक्साइडे तयार होऊन पोटॅशमध्ये शोषली जातात आणि कार्बनचे वजन खोटे वाढवतात. म्हणून वाटेत तापलेल्या तांब्याची जाळी ठेवून त्यांचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पदार्थात नायट्रोजन असल्याचे सांगितलेच नाही आणि आपण उरलेले सगळे वजन ऑक्सिजनचे धरले, तर सूत्र दिसायला अगदी व्यवस्थित आणि पूर्णपणे खोटे येते.

आणि बरोबर आलेले रेणुसूत्रसुद्धा किती फसवते, याचा दाखला इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांचा आहे. क्विनीन या हिवतापावरच्या औषधाचे सूत्र सी२०एच२४एन२ओ२ असल्याचे ठाऊक होते. सी१०एच१३एन या सूत्राचा एक पदार्थ दुप्पट घेऊन त्यात ऑक्सिजन घातला आणि पाण्याचा एक रेणू काढला, की कागदावर क्विनीन तयार होते. अठरा वर्षांच्या पर्किन यांनी १८५६ मध्ये लंडनमधल्या घरी नेमके हेच करून पाहिले आणि त्यांना तांबूस-तपकिरी गाळ मिळाला. मग अधिक साध्या ॲनिलीनवर तोच प्रयोग केला, त्यातून काळा पदार्थ आणि त्यातून मॉव्ह हा जांभळा रंग निघाला. क्विनीनमधले अणू कसे जोडलेले आहेत, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

शाईची दौत

सर्व प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. कापराच्या उदाहरणावर तिने वहीत हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर आधी काढून पाहिले आणि तिच्या मूळ गणितातही तेच केले: ०.०२२७० भागिले ०.०१७०४, म्हणजे १.३३२. ऑक्सिजनला हात न लावता ४/३ मिळाले.

त्यानंतर तिने स्वतःहून उलट हिशेब केला. सी६एच६ओ६ चे ०.५०० ग्रॅम जाळले असते, तर किती काय मिळाले असते? कार्बन डायऑक्साइड ०.७५८ ग्रॅम, दिलेल्या आकड्यापेक्षा आठ मिलिग्रॅमने जास्त. पाणी ०.१५५ ग्रॅम, जवळजवळ पन्नास मिलिग्रॅमने कमी. सी६एच८ओ६ साठी दोन्ही आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले. आता ती प्रत्येक गणिताच्या शेवटी हे दोन आकडे परत काढून समासात लिहिते, आणि त्यामुळे गृहपाठाला वेळ लागतो अशी तक्रार माझ्याकडे करते.